जगन्नाथरावांच्या छातीचा फोटो

जगन्नाथ टेंभुर्णेंनी उभा जन्म युरेनियमच्या खाणीत काढला आणि तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. साहेबांनी सांगितलं होतं, बाहेर बोलायचं नाही. मग खाणीतून निघायचा तो नुसता ‘माल’. बायको विचारून विचारून थकली आणि थकूनच गेली बिचारी, पण हा भंडाऱ्याकडचा गडी काही बधला नाही.

पुढे खाण बंद पडली. वसाहतीतली शाळा गेली, दवाखाना गेला, नळ आटले, शेजारीपाजारी पांगले. मुलगी श्यामला आखाती देशात, फहाहीलला नर्स. तिने बापाला हट्टाने फिंतासच्या आपल्या घरी आणलं. आता फक्त वैद्यकीय तपासणी उरली होती. पास झाले की इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, मिळून लेकीजवळ राहायचं, नाही तर परत त्या ओसाड वसाहतीत.

“बाबा, काहीही विचारलं तरी खाणीचं नाव काढू नका,” श्यामलाने बजावलं. “युरेनियम म्हटलं का लोकं भितात.”

“नाही काढत नं, पोरी.”

बायकोला जे सांगितलं नाही ते डॉक्टरला कशाला सांगतील?

छातीच्या फोटोत डाग निघाले. हे कशाचे, असं डॉक्टरने हिंदीत विचारलं. जगन्नाथराव अडले. वसाहतीत धुळीने कुणाचीही छाती भरली की त्याला सरसकट टीबीच म्हणत. पडशाइतका घरगुती शब्द. तोच त्यांनी पुढे केला.

“टीबी था साहब, पुराना. अब कुछ नहीं.”

झालं, टीबीवाल्याला इकामा नाही; एका शब्दात सगळं मुसळ केरात. श्यामलाने धावपळ केली, हातापाया पडली. तिथल्या मजीद नावाच्या कारकुनाला तिची दया आली.

“सिस्टर, धूल बोलते तो और टेस्ट होता. टीबी खुद बोल दिया, अब नहीं होगा.”

घरी येऊन ती बापावर कडाडली, “टीबी म्हणायला कोणं सांगितलं होतं तुम्हाले?”

“खाणीचं नाव काढू नको म्हटलं नं तू. मंग दुसरं काय सांगू?”

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. चूक आपलीच आहे हे श्यामलाला कळलं.

नागपूरच्या मावसबहिणीने, राजश्रीने, तशी वेळ आलीच तर काकांना ठेवून घेईन असा शब्द दिला होता. श्यामलाने तिला फोन लावला. परत पाठवण्याचं कारण ऐकून राजश्री चाचरली. घरात लहान लेकरं आहेत, म्हणाली.

“अगं, टीबी नाहीच आहे तो,” श्यामलाने शेवटी खरं सांगून टाकलं. “युरेनियमच्या खाणीतली धूळ आहे.”



“ते तं टीबीपेक्षा वाईट नं गं?” राजश्री म्हणाली.

जगन्नाथराव समोरच बसले होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

“राहू दे, पोरी,” ते म्हणाले. “मी वसाहतीतल्या क्वार्टरवरच जातो.”