झटका आला

आमच्या घरात 'झटका आला' म्हणजे कुरियरवाला आला. हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

हे, म्हणजे माझे यजमान, म्हैसूरचे. घराणं रंगाऱ्यांचं. कापड रंगवायचा धंदा आजोबांच्या मागे सुटला आणि हे सरस्वतीपुरमजवळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. मी अलिबागकडची. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांची मराठी ऐकून मी चक्रावायचे. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि मध्येच कन्नड गल्लीत वळायचं. आम्ही दोघंही वाद घालण्यात पटाईत. समोरच्याची चूक दिसली की ह्यांना गप्प बसवायचं नाही, आणि ह्यांची चूक दिसली की मला.

पन्नाशी उलटल्यावर ह्यांना मासेमारीचं वेड लागलं. बोगादीच्या पुढे एकाच्या शेतात मोठं तळं आहे. तिथं थोडे पैसे भरले की दिवसभर गळ टाकता येतो.

"तिथं सी बास आहेत," हे उत्साहानं म्हणाले.

"आता बास!" मी म्हटलं.

मग मोबाईलवर फोटो दाखवला. बघते तर आमचा जिताडा! आमच्याकडे तळ्यातला जिताडा जावई येणार म्हणून राखून ठेवतात. आणि हा जावई तो पकडायचा, त्याच्या तोंडातला गळ हलक्या हातानं काढायचा आणि त्याला परत पाण्यात सोडून घरी येऊन वरणभात जेवायचा. मी माहेरी सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. फक्त माझा धाकटा भाऊ खूष झाला. त्यालाही हाच नाद होता.

ह्या मासेमारीत गांडूळ नाही, कोळंबी नाही. प्लॅस्टिकचा खोटा मासा दोऱ्याला बांधायचा. सडपातळ, वीतभरापेक्षा लहान, तोंडाशी एक पारदर्शक पट्टी आणि पोटाखाली गळांचे झुबके. इंग्रजीत त्याला जर्कबेट म्हणतात. ह्यांनी त्याचं सरळ 'झटका' करून टाकलं. काठीला झटका द्यायचा, आणखी एक द्यायचा, मग थांबायचं. थांबलं की तो मासा वरही येत नाही आणि बुडतही नाही, पाण्यात अधांतरी राहतो. खरा मासा येतो तो त्याच वेळी. मी एकदा काठी हातात घेऊन नुसतेच झटके देत सुटले तेव्हा हे वैतागले.

"अगं, स्वल्प थांब की! झटक्याला नाही धरत तो, थांबलीस की धरतो. सुम्ने थांब. गोत्ताय्ता?"

गोत्ताय्ता म्हणजे कळलं का, आणि सुम्ने म्हणजे उगीच, काही न करता. मला ते कधीच जमलं नाही.

भाऊ आणि हे मिळून झटके मागवायचे. पार्सल यायचं इथं, वाटणी फोनवर व्हायची. भाऊ दर दोन-चार दिवसांनी विचारायचा, "ताई, झटका आला का?" आला की आमच्या बाथरूममधल्या बादलीत त्याची परीक्षा. नुसता तरंगत राहिला तर हे त्याच्या गळाच्या दांडीला वजनासाठी सोल्डरची बारीक तार गुंडाळायचे, पुन्हा सोडायचे, पुन्हा थोडी तार. मी आंघोळीला खोळंबलेली. एकदा बादलीत हात घातला तेव्हा गळच बोटात घुसला होता. त्या दिवशी जे भांडण झालं ते शेजारच्यांनी खिडकी लावून घेण्याइतकं झालं.

पण रंग निवडायला बसले की मी मुकाट्यानं बघत राहायचे. आजोबा रंगाच्या हौदात पांढरी चिंधी बुडवून बघायचे म्हणे. हे तळ्यावर तेच करत. चिंधी दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायची आणि ती कुठवर दिसते ते बघायचं. "मोदलु पाणी बघ, मग रंग." पाणी नितळ असेल तर रुपेरी झटका, गढूळ असेल तर भडक पोपटी. ह्यात तडजोड नाही. भाऊ एकदा गढूळ पाण्यात रुपेरी टाकून बसला होता, तर हे त्याला म्हणाले, "गाढवापुढे वाचली गीता." भाऊ ते अजून सांगतो.

त्या सकाळी आम्ही चहा घेत होतो. हे काहीतरी सांगत होते आणि शब्द घसरायला लागले. मला वाटलं चेष्टा करतायत. मग कप उजव्या हातातून सुटला आणि ह्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हॉस्पिटलात ह्यांना आत नेलं आणि मी बाहेरून भावाला फोन लावला. म्हटलं, "अरे, झटका आला."

"आला का एकदाचा!" तो ओरडला. "कुठला रंग पाठवलान मेल्यानं?"

तो पलीकडून "पोपटी ना? पोपटीच ना, ताई?" असं विचारत राहिला. मग त्याचा आवाज बदलला. "ताई?"

त्याची काही चूक नव्हती. तरी मला त्याचा इतका राग आला की तो रातोरात निघून आला तेव्हा मी त्याच्याशी धड बोललेही नाही. पुढे आम्ही कुणीच तो शब्द वापरला नाही. कुणी विचारलं तर 'स्ट्रोक' म्हणायचो, नाहीतर 'ते दुखणं'.

हे घरी आले ते उजवा हात गमावून आणि वाचा गमावून. 'हां' म्हणत, पण ते हो असे की नाही हे कळायचं नाही. बोलायला शिकवणारी बाई यायची. चित्रं दाखवायची, चमचा, कुलूप, घोडा. हे चित्राकडे बघायचे, मग खिडकीकडे. मी डॉक्टरांना विचारलं, ह्यांना आपलं बोलणं कळतं का? डॉक्टर म्हणाले, "बहुतेक कळतं."

त्या 'बहुतेक'नं माझी झोप उडवली. हात गेला तर गेला, मी भरवीन. बोलणं गेलं तर मी दोघांचं बोलेन, तशी मला सवय आहेच. पण आत हे आहेत की नाहीत, एवढं मला कळायला हवं होतं. मी ह्यांची परीक्षा घेऊ लागले. पाण्याचं सूत्र मुद्दाम चुकीचं म्हणायचे. सोमवारी म्हणायचे, आज शुक्रवार ना? आयुष्यभर लोकांच्या चुका काढणारा हा माणूस माझ्याकडे बघून गोड हसायचा. ते हसणं मला बघवायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

शेवटी पुन्हा आलेल्या भावाला म्हटलं, ह्यांना तळ्यावर नेऊ या. तो नको म्हणत होता. त्याला भीती वाटत होती, ती मलाही वाटत होती. पण तिथं ह्यांना काही विचारावं लागणार नव्हतं. फक्त डबा उघडून पुढे धरायचा.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. तळ्याचं पाणी चहासारखं झालेलं. मालकानं "बन्नी सार्, कूतकोळ्ळी" म्हणत काठाशी बसायला खुर्ची ठेवली आणि तो तोंड फिरवून लांब जाऊन उभा राहिला. मी झटक्यांचा डबा ह्यांच्या मांडीवर उघडला. चिंधी बुडवायची गरजच नव्हती. पोपटीच हवा, हे आंधळ्यालाही सांगता आलं असतं.

"काढा," मी म्हटलं. "कुठला बांधू?"

डावा हात डब्यावरून फिरला. पोपटीवर थांबला. मग हात पुढे सरकला आणि ह्यांनी रुपेरी उचलून माझ्या हातात दिला.

भावानं तोंड उघडलं. मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. म्हटलं संपलं, डॉक्टरांचं 'बहुतेक' खोटं निघालं. पण तोंडानं मी म्हणाले, "छान आहे हां." लहान मुलानं काढलेलं चित्र बघून म्हणतात त्या आवाजात. मीच रुपेरी बांधला आणि जमेल तसा फेकला. झटका दिला, आणखी एक दिला, थांबले. काठाजवळ ओढत आणला तरी दिसेना. हातभर पाण्याखाली तो नाहीसाच झालेला.

हे खुर्चीतून पुढे वाकले. पाण्याकडे बघितलं. डब्याकडे बघितलं. मग डावा तळहात कपाळावर मारून घेतला, एकदा, पुन्हा एकदा. पोपटी झटका उचलून तो पाण्याकडे, माझ्याकडे, पुन्हा पाण्याकडे करत राहिले. तोंडातून आवाज येत होता, शब्द येत नव्हता.

हे आत होते. सगळेच्या सगळे आत होते. मला हवं होतं ते कळलं, आणि मी भावाकडे बघून हसलेसुद्धा. मग ह्यांच्याकडे वळले.

हे आता पाण्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. ती नजर मी ओळखते. वर्गात एखाद्यानं उत्तर लपवलं की ह्यांची नजर अशी व्हायची. रंग चुकलाय हे मला आधीच दिसलं होतं, हे ह्यांना कळलं होतं. दिसूनही मी 'छान' म्हणाले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांची एक चूक मी कधी पोटात घातली नव्हती.

"अहो, डोळे कुठं ठेवलेत?" मी एकदम ओरडले. "एवढ्या गढूळ पाण्यात रुपेरी? कुणी सांगितलं होतं?"

मला वाटलं होतं, ओरडल्यावर ह्यांना बरं वाटेल. ते ओरडणंही उसनंच, हे ओळखल्यासारखी ह्यांनी मान हलवली. मग डावा हात लांब करून माझ्या हातावर थोपटलं, राहू दे, राहू दे असं, आणि रडायला लागले.