दत्तारामचा गजर आणि साबणाचे थर

दत्ताराम साटम घाटकोपरला एका शेडमध्ये पिंपातला पातळ साबण ढवळायचा. सोळा वर्षांत त्याचा एकही घाणा बिघडला नव्हता, आणि हे तो पाहुण्यांनाही सांगे. संध्याकाळी तो भजनी मंडळाचा बुवा. गणपती जवळ आले की दांडा फिरवतानाही चाली बसवायचा.

चौऱ्याऐंशीच्या श्रावणात अशीच एक चाल सापडली. अभंग संथ सुरू झाला, पुढे गजराला लय चढली आणि हातही लयीमागे धावला. बघता बघता पिंपातला साबण खरवसासारखा थिजला. दांडा सोडला तर उभाच राहिला.

साबण दाट व्हायला घालतात ते मीठ जास्त पडलं, असं म्हणून शेडचे मालक चंद्रप्रकाशशेठ मोकळे झाले. पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघू, असंही म्हणाले. मीठ मापातच होतं, असं दत्तारामने सांगून पाहिलं; वजनाला चुकला हा ठपका त्याला झोंबला.

शेठची सून अनुपमा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिने मिठाचं विचारलंच नाही.

"काका, ढवळताना काय करत होता?"

"गात होतो," तो ओशाळून म्हणाला.

"मग आत्ताही गा."

एकाच मापाचं मिश्रण दोन बादल्यांत घेतलं. पहिलीत दत्तारामने अभंगाच्या संथ लयीत दांडा फिरवला; साबण वाहता राहिला. दुसरीत गजर धरला. कामगारांनी टाळ्यांचा ठेका दिला, बरण्या भरणारी मालन कोरसला उभी राहिली, आणि साबण थिजला.

अनुपमाने दोन्हींचा थेंब कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना समजावलं: हा साबण म्हणजे वहीच्या पानांसारखे एकावर एक थर. हळू ढवळलं तर पानं एकमेकांवरून सरकतात. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की त्यांना सुरकुत्या पडतात, ती गुंडाळतात, त्यांचे बारीक कांदे होतात. कांद्याला कांदा अडतो, म्हणून दाटपणा येतो.

"म्हणजे मीठ बरोबर होतं," शेठ हळूच म्हणाले.

"तां मी पयल्याच दिवशी सांगलंय, शेठ," दत्ताराम म्हणाला.

शेठ हसले. दुसऱ्या माणसाची गोष्ट मनावर घेऊ नकोस, म्हणाले. अनुपमाच्या सांगण्यावरून थिजलेलं पिंप थर विरघळेपर्यंत तापवलं. मग ते निवेपर्यंत दत्तारामने सबंध अभंग अगदी सावकाश म्हणत दांडा फिरवला. साबण पुन्हा तेलासारखा ओघळू लागला. शेवटच्या कडव्यानंतर, गजर सुरू व्हायच्या जागी, तो थांबला आणि शेठकडे पाहू लागला.

"बघतोस काय?" शेठ म्हणाले. "दांडा बाहेर काढ, आणि म्हण तुझा गजर."