धावपट्टीवरचा नारळ

अंटार्क्टिकात तू काय करत होतास, असं कुणी विचारलं की मी सांगतो, वखरत होतो. खोटं नाही. घाटंजीजवळच्या आमच्या वावरात बाबा वखराने जे करतात, तेच मी तिथे भल्यामोठ्या गाडीने करायचो. उंचवटे तासायचे, खड्डे भरायचे आणि विमान उतरेल अशी बर्फाची पट्टी सपाट करून ठेवायची.

मला तिथे वर्ष होत आलं होतं. मागे घरी मुलगी झाली, आठ महिन्यांची झाली, तरी बिचारीला नाव नव्हतं. "बाप आल्याबिगर नाव ठेवाचं नाई," असं बाबांनी सगळ्यांना बजावलं होतं. उन्हाळ्याचं पहिलं विमान मला न्यायला येणार होतं आणि ते माझ्याच पट्टीवर उतरणार होतं. ते परत फिरलं तर पुढचं कधी, हे आमच्या तळाच्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं.

विमानाला चार दिवस उरले असताना बाबांचा फोन लागला.

"बर्फावर इमान? अन् घसरलं म्हंजे?"

"नाई घसरत, बाबा. म्या सोता पट्टी केली."

"नारळ फोडला का?"

"इथं कोन फोडते?"

"अबे, वावर काय अन् धावपट्टी काय! तुह्या मायनं नारळ कायले देल्ला मंग?"

मी हसण्यावारी नेलं. पण मुलीचा विचार मनात आला आणि जीव थाऱ्यावर राहीना. शेवटी आईने कुंकवाच्या पुडीसोबत दिलेला नारळ शोधून काढला. वर्षभर गारठून त्याचा पार दगड झाला होता. आपटून फुटेना, म्हणून हातोडा आणला. पट्टीच्या मधोमध भरपूर कुंकू वाहिलं, नारळ फोडला, शेंडी तिथेच ठेवली आणि निर्धास्त झोपलो.

तिथला उन्हाळ्याचा सूर्य मावळत नाही. बर्फावर गडद रंगाचं काही पडलं की ते तापतं आणि खालचा बर्फ वितळवत आत जातं. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. पट्टीवर चहाचा चोथा सांडला म्हणून मी एका शास्त्रज्ञाशी कडाकडा भांडलो होतो. दोन दिवसांनी साहेब पाहणीला आले, तेव्हा मधोमध वीतभर खोल खड्डा होता आणि त्यात लाल पाण्यावर शेंडी तरंगत होती.

"हे काय आहे?" साहेब पुण्याचे होते, आवाज न चढवता रागवायचे.

"नारळ, साहेब."

"तो कडेला फोडता आला नसता?"

"बांधावर कोन फोडते, साहेब? वावरात फोडतात."

साहेबांनी वाकून शेंडी बाहेर काढली. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. माझ्याच हाताने मी माझी वाट खणून ठेवली होती.

मग आम्ही दोघांनी खड्ड्यात बर्फाचा चुरा भरला, पाणी ओतलं, ठोकून ठोकून घट्ट केला. दोन दिवसांत तो दगडासारखा गोठला. छिद्र पाडून तपासला, पक्का निघाला. फक्त कुंकू काही सगळं निघालं नाही. पांढऱ्याशुभ्र पट्टीवर परातीएवढा गुलाबी ठिपका राहिला.

विमान डोक्यावर आलं आणि वैमानिकाने रेडिओवर विचारलं, ते गुलाबी काय आहे? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "उतरण्याची खूण."

वैमानिकाने चाकं बरोबर त्या ठिपक्याजवळ टेकवली. उतरल्यावर तो खूश होऊन म्हणाला, सगळंच पांढरं असलं की जमीन किती खाली आहे ते कळत नाही, अशी खूण दर वेळी करत जा. मी विमानात चढताना साहेबांनी हळूच विचारलं, "कुंकू उरलंय का थोडं?" मी उरलेली पुडी त्यांच्या हातावर ठेवली.

घरी पोहोचलो तर दारात बारशाचा मांडव होता. मुलगी माझी दाढी पाहून किंचाळली आणि आपल्या आईला बिलगली. मी बाबांना सगळं खरं खरं सांगून टाकलं, खड्ड्यासकट. वाटलं, धावपट्टी म्हणजे वावर नव्हे, हे आता तरी मान्य करतील. ते शांतपणे आत गेले, एक नारळ घेऊन आले आणि माझ्या हातात दिला.

"फोड आता. इथं काई वितळत नाई."

नारळ एका फटक्यात फुटला. त्या आवाजाने मुलगी खदखदून हसली आणि मी सगळ्या भावकीसमोर ढसाढसा रडलो.