फुकटचं कुलूप

माझ्या साडूवर मी जळत नाही. त्याच्या घरातल्या वायरींवर जळतो.

साडू म्हणजे बंगळुरातल्या एचएसआर लेआउटचे विनायकराव. मी पीण्या औद्योगिक वसाहतीत एका जुन्या लेथवर सुरुवात करून राजाजीनगरात घर बांधलं. पण सासूबाईंना कौतुक कशाचं? तर विनायकरावांकडे एका संगणकातून दुसऱ्यात भलीमोठी फाइल जाते, तीही कुलूपबंद, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशी, आणि चहा निवायच्या आत!

मी लगेच मंजुनाथ वायरिंगवाल्याला बोलावलं आणि घरभर तशीच वायर टाकून घेतली. (कुलूप मलाही हवंच होतं. कारखान्याची ड्रॉइंग्ज घरच्या संगणकात असतात आणि वरचा भाडेकरू त्याच वायरीवर आहे.) तासभर घासाघीस झाली. शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, आता स्वल्पसुद्धा कमी होणार नाही."

"सरी," मीही कन्नडमध्ये 'बरं' म्हटलं, "मग एका कुलपावर एक फुकट दे."

त्याने डोकं खाजवलं आणि दिलं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

रविवारी सासूबाई आणि विनायकराव, दोघांनाही मुद्दाम बोलावलं. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीची फिल्म माझ्या खोलीतल्या संगणकातून हॉलमधल्या संगणकात आणायची, चहा निवायच्या आत, आणि विनायकरावांच्या देखत! बटण दाबलं. चहा निवला. दुसरा केला, तोही निवला. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. सासूबाई पेंगायला लागल्या. बायकोने सुचवलं की पेनड्राइव्हवर घालून आणा, दहा पावलं तर आहेत. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती परत चहा करायला गेली.

विनायकराव संगणकात डोकावले. "वायर उत्तम आहे, दत्ताराव. पण तुमचा हा म्हातारा संगणक" (तोही मी घासाघीस करूनच घेतलेला) "फाइलच्या प्रत्येक तुकड्याला दोन-दोन कुलपं लावतोय, आणि हॉलमधला दोन्ही उघडत बसलाय. एक पुरेसं आहे. दुसरं काढू?"

"अजिबात नाही. फुकट मिळालंय ते."

सासूबाईंनी डोळे उघडले. "काढू द्या हो त्यांना. मला दिवसाउजेडी घरी जायचंय."

काढलं. तिसरा चहा वाफाळत असतानाच फिल्म आली. सासूबाई मात्र ती सोडून विनायकरावांकडेच कौतुकाने बघत होत्या.

मी तडक गच्चीवर गेलो आणि फोन लावला.

"मंजुनाथ, तुझं फुकटचं कुलूप परत केलंय. बदल्यात काय देतोस?"