कागदावर बरा झालेला माणूस

ती बाई ठाण्यात आली तो दिवस मला अजून विसरता आलेला नाही. हिंगोली जिल्ह्यात मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. वारंगा फाट्यावर तिच्या नवऱ्याचं पंक्चरचं दुकान होतं आणि त्याला क्षयरोग झालेला. एका संस्थेचा माणूस मोटारसायकलवर यायचा, तपासणीसाठी थुंकीची डबी न्यायचा, गोळ्या द्यायचा. सहा महिन्यांनी त्यानं 'रुग्ण बरा' असा कागद दिला आणि गोळ्या बंद केल्या.

"साहेब, कागद म्हन्तो बरा झाला, अन् मानूस रगत थुंकून राहिला," ती म्हणाली. "आमी कुनाचं खरं धरावं?"

हे डॉक्टरांचं काम, दवाखान्यात जा, असं सांगून मी तिला वाटेला लावलं. अंमलदार स्टेशन डायरीत नोंद घेणार होता, मीच त्याला हातानं खुणावून थांबवलं. महिनाअखेर होती. प्रलंबित तक्रारींचा आकडा वाढला की गुन्हे बैठकीत सगळ्यांदेखत बोलणी बसतात. खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात तेव्हा तेवढंच होतं.

तीन आठवड्यांनी तालुक्याचे आरोग्य अधिकारी स्वतः ठाण्यात आले. एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी खुर्चीवर न बसताच बोलू लागले. त्याच संस्थेच्या त्याच माणसानं एका दिवशी पाच रुग्णांच्या डब्या जमा केल्या होत्या. पाचही जणांचे आधीचे अहवाल स्वच्छ होते. आता पाचही डब्यांत क्षयाचे जंतू सापडले होते.

"पाच गावांतली माणसं एकाच दिवशी कशी बिघडतील?" ते म्हणाले.

मग त्यांनी पैशाची व्यवस्था समजावून सांगितली. संस्थेला मदत परदेशातून यायची. पूर्वी पैसे आधी मिळत, काम मागाहून व्हायचं, कधी व्हायचंही नाही. त्याला कंटाळून देणाऱ्यांनी नवी रीत घातली होती. रुग्ण बरा झाल्याचा अहवाल आला तरच त्या रुग्णाचे पैसे. संस्थेनं तोच नियम खाली आपल्या माणसाच्या पगाराला लावला होता. ऐकता ऐकता मला ती बाई आठवली.

मी त्या माणसाला बोलावून घेतलं. तिशीचा, नरसी नामदेव गावाकडचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. डब्या प्रयोगशाळेतच बदलल्या असतील, हे पालुपद त्यानं तासभर सोडलं नाही. खोटं बोलणारा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, हा माझा अनुभव. हाही तसंच करत होता, फक्त मध्येच थांबून रुमालात खोकायचा. आमचे जुने हवालदार उठले आणि त्यांनी खिडकी उघडली.

"खोकला कधीपासून?" मी विचारलं.

"महिना झाला असंल."

त्याच्या कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक दिसत होतं. पँट ढिली झाली होती. पाचही डब्या एकाच छातीतून आल्या होत्या, हे मला तिथं कळलं.

"स्वतःचीच थुंकी देत होतास?"

त्यानं रुमाल खिशात कोंबला. "व्हय साहेब. मानूस बरा झाल्याबिगर आमाला पगार न्हाई. कुनी वीटभट्टीवर निघून जातं, कुनी गोळ्या फेकून देतं. मी धडधाकट व्हतो, म्हनून माजीच डबी द्यायचो." मग त्याचा चेहरा उतरला. "म्हंजी मला झाला का साहेब?"

मला त्याची कीव आली आणि संतापही आला. पण थांबायला वेळ नव्हता. कोरा कागद पुढं सरकवून म्हणालो, "तुझ्या डबीमुळे कुणाकुणाच्या गोळ्या बंद झाल्या, त्यांची नावं लिही." एखादं नाव राहून गेलं तर काय, या धास्तीनं मी तीनदा यादी वाचून घेतली. चौथं नाव पंक्चरवाल्याचं होतं.

आरोग्य अधिकाऱ्यांची माणसं आणि आमचे शिपाई दोन जीपांतून गावोगाव निघाले. वारंगा फाट्याला मी स्वतः गेलो. दुकान बंद होतं. घरात तो भिंतीला टेकून बसला होता, बोलायला दम पुरत नव्हता आणि धाकटी मुलगी त्याच्या मांडीवर होती. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. यादीतल्या बाकीच्यांना वेळेत गोळ्या सुरू झाल्या. हा मात्र अकराव्या दिवशी गेला.

दवाखान्याच्या ओट्यावर ती बाई रडत नव्हती. "मी आले व्हते तवाच तुमी बघितलं असतं तर?" एवढंच तिनं विचारलं.

पैसे देणाऱ्यानं काम झालं का ते विचारावं, त्यात काही गैर नाही. पण ज्याचा पगार निकालावर, त्याच्याच हातात निकाल आणायचं काम देऊ नये, हे मला या प्रकरणानं शिकवलं. आमच्या बैठकीतला आकडाही मीच आणत होतो आणि तोही असाच स्वच्छ दिसायचा. पुढं निवृत्तीपर्यंत येईल त्याची तक्रार मी आधी लिहून घेतली. माझा आकडा वाढला, बोलणी खाल्ली.

त्या माणसावर आरोपपत्र दाखल झालं. नर्ससमोर रोज गोळ्या घेऊन तो खरोखरचा बरा झाला. त्याच्या गुन्ह्याची कलमं मी स्वतः लावली होती. माझ्या तीन आठवड्यांना लागेल असं कलम कुठल्याच कायद्यात नाही.