पॅनलवरची राख

वीजकेंद्राच्या आमच्या गावात वारा चिमणीकडून असला की गच्चीवर कुणी कपडे वाळत घालत नाही. शेजारचे देशमुख मात्र रोज सकाळी ओलं फडकं घेऊन वर चढतात आणि सौर पॅनलवरची राख पुसतात. मग त्याच चिमणीखाली कामाला जातात.

"केंद्र बंद झालं की हे पुसणं सुटेल तुमचं," काल मी म्हणालो.

फडकं पिळत ते म्हणाले, "तेव्हा या गावात दिवा लावायला कोण उरेल?"

जी राख आमच्या छातीत बसते, तिच्यावरच आमच्या चुली पेटतात. बदल हवा म्हणताना हे कुणीच बोलत नाही.

ते शेवटच्या पॅनलपाशी पोचले, तेव्हा पहिलं पुन्हा करडं दिसू लागलं होतं. तेवढ्यात केंद्राचा भोंगा झाला.