मशीन नंबर चार

शालूमावशी गेल्याचा फोन तिच्या भाचीनं, प्राचीनं केला. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो गाड्यांच्या शर्यतीच्या मशीनवर डकवलेला मावशीच्या अक्षरातला कागद : 'मशीन ख़राब है. कृपया धक्का न मारें. आज्ञा से.' खाली सही, तारखेसकट. रडू यायच्या आधी हसू आलं... तिला ते चाललं असतं.

मावशी रक्ताच्या नात्यातली नव्हे. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ती आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. लग्न केलं नव्हतं, आणि त्याची खंत तिच्यापेक्षा शेजाऱ्यांनाच जास्त होती. एका मंत्रालयात तिनं उभी हयात फायली सांभाळल्या, मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन गुडगावात फ्लॅट घेतला. तेव्हा तिथे शेतं होती आणि शेतांच्या मधोमध काचेचे मॉल उगवत होते. अशाच एका मॉलमधल्या गेम पार्लरला काउंटरवर विश्वासाचं माणूस हवं होतं, आणि मावशी तिथे जाऊन बसली ती बसलीच. प्रत्येक मशीनला तिनं नंबर दिला, नंबराची फाईल केली. पोरं धावत आली की ती आधी त्यांची रांग लावायची. संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी प्रत्येक मशीनच्या पोटातला डबा उघडून टोकनं काढायची. सकाळी डबे रिकामेच दिसले पाहिजेत, हा तिचा नियम.

त्या सुमारास माझे बाबा गेले. आई घराबाहेर पडेनाशी झाली. संक्रांत आली तशी हळदीकुंकवाची बोलावणी आजूबाजूच्या घरांना येऊ लागली, आमच्या दारावरून पुढे जाऊ लागली. वाईट कुणीच नव्हतं, पण रीत म्हणजे रीत. मावशीला हे कळलं आणि तिचं डोकं फिरलं. तिनं मालकाला रीतसर अर्ज दिला आणि पार्लर उघडण्याआधीच्या वेळात, तिथेच, स्वतःचं हळदीकुंकू ठरवलं. तिला हळदीकुंकू करायचा अधिकार काय, अशी कुजबुज झालीच. पण मॉल बघायचा होता सगळ्यांनाच! चार्टर्ड बस करून काळ्या साड्यांवर स्वेटर चढवलेल्या बायका निघाल्या. आईला न्यायला मावशी गुडगावाहून स्वतः आली. "कुमुद, चलो. शाल घे, धुकं आहे."

मॉलच्या दारातला गार्ड त्या काळ्या साड्या बघून हलक्या आवाजात मला म्हणाला, "कोई ग़मी हो गई क्या, बेटा?" जिच्या घरात दुःख झालं होतं ती एकटी आई मोतिया रंगाच्या साडीत होती.

मावशीनं तिळगूळ दिला आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातावर एकेक पितळी टोकन ठेवलं. आईच्याही. आई मागे सरकली. "शालू, मला कसं चालेल?"

"कुंकू नको तर राहू दे. टोकन मशीनला घालायचंय. मशीन काय विचारणारेय, नवरा आहे का म्हणून?"

आणि मग मावशीचा सगळा बेत फसला. बायका खेळेचनात! वाण कधी कुणी खर्च करतं का? प्रत्येकीनं टोकन कपाळाला लावून पर्समध्ये टाकलं. मावशी "अगं, खेळा ना यार!" म्हणत फिरत राहिली. एकटी आई म्हणाली, "माझं काही ते वाण नव्हे," आणि चार नंबरच्या मशीनमध्ये टोकन सोडून बसली. गाडी उलट्या दिशेनं पळाली, भिंतीवर आदळली, पुन्हा आदळली. आई हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मावशी माझ्याकडे बघत होती आणि चष्मा पुसत होती.

दुसऱ्या दिवशी मालकानं विचारलं, "मॅडम जी, टोकन कहाँ गए?" मावशीनं म्हणे स्वतःच स्वतःला मेमो दिला आणि त्याला स्वतःच खुलासाही लिहिला.

मावशीच्या दिवसांना जुन्या सगळ्याजणी जमल्या होत्या. प्रत्येकीकडे ते टोकन अजून आहे. कुणाच्या देव्हाऱ्यात, कुणाच्या करंड्यात. घरी आल्यावर आई म्हणाली, "सगळ्यांकडे तिचं वाण आहे. मीच तेवढी खेळून बसले." ते पार्लर बंद होऊनही किती वर्षं झाली होती.

गेल्या आठवड्यात प्राची घर आवरताना सापडलेलं एक खाकी पाकीट घेऊन आली. वर मावशीचं अक्षर : 'कुमुदचे वाण. मशीन नं. ४ मधून काढले. जपून ठेवावे.' खाली सही, तारखेसकट. आत टोकन. त्या सकाळी सगळ्या डब्यांत मिळून एकच टोकन पडलं होतं, ओळखायला चूक होणं शक्यच नव्हतं.

आईनं पाकीट दोनदा वाचलं. "वाण लिहिलंय तिनं," म्हणाली. मग पाकीट उलटंपालटं करत, "मग दिलं का नाही मेलीनं इतकी वर्षं?"

"तू परत खेळून टाकलं असतंस."

आई खळखळून हसली. टोकन तिनं देव्हाऱ्यात ठेवलं. मी रिकामं पाकीट उचलायला गेले, तर माझ्या हातावर चापट मारून तिनं तेही देवामागे उभं केलं. म्हणाली, "राहू दे, सही आहे तिची."